काचेवरचा पाव्हणा

बीडहून माजलगाव, माजलगावहून धारूर आणि धारूरहून परत बीड, एवढाच हा प्रवास. चार दिवसांचा. आमच्या जिल्ह्यातले लोक या रस्त्यांनी लग्नाला, दवाखान्याला, कोर्टाच्या तारखेला रोज जातात आणि कुणी त्याबद्दल लिहीत बसत नाही. मीही लिहिलं नसतं. पण या चार दिवसांत आमच्या गाडीचं स्टेअरिंग बराच वेळ माणसाच्या हातात नव्हतं. ते एका यंत्राच्या हातात होतं, आणि ते यंत्र मी बसवलं होतं.

मी बीडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे "कॉलेजात शिकवलंय" असं म्हणून मी काहीही सांगितलं, तरी घरात ते खरं धरलं जातं. पूर्वी मला याचं बरं वाटायचं.

गाडी संदीपानमामांची, म्हणजे आईच्या भावाची. ते धारूरला राहतात. दर सोमवारी आणि गुरुवारी ते धारूरहून तीन पेशंट बीडला डायलिसिसला नेतात आणि संध्याकाळपर्यंत परत घरी सोडतात. पहाटे उठायचं, दिवसभर गाडी चालवायची, त्यात वय पन्नाशीला टेकलेलं. दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी परत येताना वडवणीच्या पुढे त्यांचा डोळा लागला. गाडी रस्ता सोडून तुरीच्या रानात उतरली. कुणाला खरचटलंही नाही. मामांनी सगळ्यांना सांगितलं की कुत्रं आडवं आलं. मला मात्र दुसऱ्या दिवशी फोन केला.

"किस्ना, डोळा लागलता रे माझा. मागं तिघं बसलते. तू एवढा शिकतो, कायतरी कर."

मी केलं ते असं. गाडीला स्वतःहून रस्त्यावर ठेवणारं एक सॉफ्टवेअर आहे. जगभरातल्या लोकांनी ते मिळून लिहिलंय आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. कुणीही उतरवून घ्यावं, वाचावं, बदलावं. मोठ्या महागड्या गाड्यांत जे कंपनी बसवून देते, ते साध्या गाडीत आपल्या हातानं बसवता येतं. पुढच्या काचेवर एक लहान डबी. तिला दोन कॅमेरे, एक रस्त्याकडे बघणारा, एक ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघणारा. स्टेअरिंगच्या दांड्याला एक मोटर. गाडी पट्ट्याबाहेर जायला लागली की मोटर हलकेच स्टेअरिंग वळवते. पुढे काही आलं किंवा ड्रायव्हरचे डोळे मिटले, की डबी ओरडते. माझा वर्गमित्र अस्लम आणि मी मिळून हाच प्रकल्प घेतला होता. अस्लमच्या भावाचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. तिथे दोन आठवडे, मामांच्या मोकळ्या दिवसांत, आम्ही ते बसवलं.

सोमवारी मामा पेशंट घेऊन याच गाडीनं बीडला येणार होते. त्याआधी तीन दिवस मी त्यांच्यासोबत फिरून यंत्र नीट चालतंय का ते बघायचं, असं ठरलं.

शुक्रवार : बीड ते माजलगाव

निघताना अस्लमनं मला बाजूला घेतलं. ब्रेकला आम्ही मुद्दामच काही जोडलं नव्हतं. स्टेअरिंग चुकलं तर माणूस ते ओढून घेऊ शकतो, पण ब्रेकचं काम आमच्या हातातलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

"मामूला नीट सांग, हे थांबवत न्हाई. नुसतं वरडतं."

"सांगतो," मी म्हणालो.

आणि सांगितलंही. पण तेव्हा मामा फोनवर बोलत होते. त्यांनी मान हलवली. ती मला होती की फोनवरच्या माणसाला, हे मी विचारलं नाही.

गाव मागे पडल्यावर रस्ता सरळ झाला, पांढरे पट्टे स्वच्छ दिसायला लागले, आणि मी मामांना म्हणालो, आता बटन दाबा. त्यांनी बटन दाबलं आणि स्टेअरिंग किंचित हललं. मामांनी हात असे वर उचलले, जसे तापल्या तव्यावरून उचलावेत. मग पुन्हा टेकवले. कोसभर ते नुसते स्टेअरिंगकडे बघत राहिले.  कॉलेजच्या मैदानात सायकलच्या वेगानं चालवून बघणं वेगळं, आणि समोरून एसटी येत असताना बघणं वेगळं.

"लई हळू हात हाय ह्याचा," मामा शेवटी म्हणाले. "पाव्हणा चांगला हाय."

तेव्हापासून डबीचं नाव पाव्हणा पडलं.

वडवणीच्या चौकात पाव्हणा अचानक ओरडायला लागला. पुढे रस्ता मोकळा होता. मामांनी दचकून ब्रेक मारला, मागच्या दुधाच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवून आमचा उद्धार केला. मी डबीच्या स्क्रीनवर बघितलं. चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर हात जोडून उभे असलेले वीस-पंचवीस कार्यकर्ते पाव्हण्याला खरी माणसं वाटली होती.

मी ते सांगितलं तसे मामा हसले. "त्यांना तर आमी बी भेतो."

मलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. जे नाही ते त्याला दिसत होतं. मग जे आहे ते सगळं दिसतं का?

त्यापुढे रस्त्याकडेला एक मारुतीचं देऊळ आहे. आमच्याकडचा कुठलाही ड्रायव्हर देवळासमोरून जाताना उजवा हात स्टेअरिंगवरून काढतो, छातीला लावतो, कपाळाला लावतो आणि परत स्टेअरिंगवर ठेवतो. पापणी लवायच्या आत होणारी गोष्ट. मामाही इतकी वर्षं तसंच करत आले. त्या दिवशी त्यांनी दोन्ही हात काढले. नीट जोडले. डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. गाडी पट्ट्यांच्या मधून सरळ जात राहिली. दोन सेकंदांनी पाव्हणा किंचाळला. मामांनी डोळे उघडले.

"देवापुढं डोळं मिटायचं न्हाई व्हय ह्याच्यापुढं?"

"ते झोपेसाठी आहे, मामा. त्याला वाटलं तुमी झोपले."

"वीस वरीस झालं गाडी चालवतो. आज पयल्यांदा मारुतीला दोन्ही हातांनी नमस्कार घातला, आन ह्यानं मधीच आरडाओरड केली." बोलण्यात राग नव्हता. वाईट वाटलं होतं.

माजलगावात माझी मावशी राहते. तिनं आम्हाला उतरूच दिलं नाही. आधी ताट आणलं, गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, बोनेटवर हळदीकुंकू लावलं. मग तिची नजर काचेवर गेली.

"नवीन तर हे हाय. ह्याला नगं का लावायला?" असं म्हणून तिनं डबीला कुंकवाचं बोट लावलं, बरोबर भिंगाच्या कडेला. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. मावशीच्या समोर कुंकू पुसायचं कसं? सकाळी कुणी नसताना रुमालानं पुसलं, आणि चोरी केल्यासारखं इकडेतिकडे बघितलं.

जेवायला येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची, आमटी होती, ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा. आमच्या गेवराईकडे येसर करतात, पण इतकं झणझणीत नाही. मी पाणी पीत पीत जेवलो आणि मावशीनं "शहरात जाऊन जीभ पातळ झाली ह्याची" असं सगळ्या गल्लीला सांगितलं. बीडला ती शहर म्हणते.

जेवणं लवकर उरकली होती. अंगणात मामा माझ्याजवळ येऊन बसले.

"किस्ना, ते डोळ्याचं जरा कमी करता यील का? रस्त्यानं धा देवळं लागतात. दर टायमाला वरडलं तर पेशंट दचकतील."

करता येण्यासारखं होतं. खुल्या सॉफ्टवेअरचा अर्थच तो. मी लॅपटॉप उघडला, ती ओळ शोधली. डोळे किती सेकंद मिटले की ओरडायचं, तो एक आकडा. शेजारीच लिहिणाऱ्यांनी इंग्रजीत सूचना ठेवली होती की हा आकडा वाढवू नये. मी ती वाचली. मामा माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होते, काही कळत नसताना, कौतुकानं. मी दोनचे सहा केले.

"झालं?"

"झालं."

"बग, एवढ्या मोठ्या कामाला माझ्या भाच्याला एक मिनिट लागलं न्हाई," ते मावशीला म्हणाले.

शनिवार : माजलगाव

सकाळी धरणाकडे गेलो. पाणी इतकं लांबवर होतं की पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. आमच्या गोदाकाठी नदी वाहताना दिसते. इथे सिंदफणा अडवून ठेवली आहे, आणि कालव्याच्या कडेनं नजर जाईल तिथपर्यंत ऊस. कारखान्याच्या बाजूनं मळीचा वास येत होता. मावशी म्हणते तिला आता तो येतच नाही.

वाटेत मेंढ्यांचा कळप लागला. पुढे एक म्हातारे मेंढपाळ, खांद्यावर घोंगडी. पाव्हणा त्यांना बघून ओरडला, मामा थांबले. मी वाकून स्क्रीनवर निरखून बघत होतो, तर मेंढपाळ खिडकीशी आले.

"काय बगतो पोरा?"

मी सांगितलं, हे यंत्र समोरचं ओळखतं. स्क्रीनवर त्यांच्या आकृतीभोवती चौकट आली होती. मेंढ्यांभोवती कुठेच नव्हती. तेवढा सगळा कळप म्हणजे त्याच्या लेखी रस्ताच होता.

"माझी दीडशे मेंढरं ह्याला दिसत न्हाईत, आन मी एकटा दिसतो?" ते म्हणाले. "मंग हे नव्यानं आलेल्या सुनंवानी हाय. सासरा तेवढा वळखतं."

मामा खो खो हसले. मीही हसलो आणि वहीत टिपून ठेवलं : मेंढ्या दिसत नाहीत. खाली रेघ मारली. पण टिपून ठेवण्यानं काय होतं, हा प्रश्न मी वहीला विचारला नाही.

दुपारी मावशीच्या दिराच्या शेतात हुरडा होता. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, त्यात कणसं खुपसायची, गरम गरम हातावर चोळायची आणि फुंकर मारून फोलकटं उडवायची. हिरवे कोवळे दाणे, सोबत गूळ आणि शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे हुरड्याबरोबर दही देतात. इथे मागितलं तर "आजारी हाय का?" असं विचारलं. पाच-सहा शेजारी जमले होते आणि मामा आगटीजवळ उकिडवे बसून पाव्हण्याच्या गोष्टी सांगत होते. हात सोडले तरी कशी सरळ जाते. वळण कसं घेते. बोलता बोलता ते म्हणाले, "पुढं कायबी आलं की थांबती बी."

एकानं माझ्याकडे वळून विचारलं, "खरं का रे, इंजिनेर?"

माझ्या हातात कणीस होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, मामा सगळ्यांत जास्त. इतक्या लोकांत मामांना खोटं पाडायचं, हे मला जमलं नाही. मी म्हणालो, "वरडती. पुढं काही दिसलं की वरडती."

"बगा," मामा म्हणाले.

मी खोटं बोललो नव्हतो. तरी त्यानंतरचा हुरडा मला गेला नाही. 

रविवार : माजलगाव ते धारूर

तेलगावपर्यंत मी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा म्हणालो, "मामा, ब्रेकचं तुमीच बघायचं हां." ते म्हणाले, "बगतो की." दुसऱ्यांदा तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांनी चहाला गाडी थांबवली. चहा पिताना बोलेन म्हटलं. चहा संपला. बालाघाटचे डोंगर समोर निळे दिसायला लागले होते. मी सपाट काळ्या रानातला माणूस. घाट म्हटला की मला आधीच धास्ती, आणि धारूरचा घाट अरुंद आहे.

पण जे घडलं ते घाटात नाही. घाटाच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर, साडेतीन-चारच्या उन्हात.

उजव्या हाताला देवीचं लहानसं देऊळ होतं. मामांनी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. याच वेळी मला पुढे रस्त्यावर बाभळीची फांदी पडलेली दिसली. आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही फांदीचा अर्थ कळतो. पुढे कुणाचं तरी वाहन बंद पडलंय, त्यानं मागच्यांसाठी फांदी टाकून ठेवलीय, फांदीच्या पुढे चार दगड असतील आणि दगडांच्या पुढे ते वाहन. मला ते त्याच क्षणी कळलं. फांदी पाव्हण्याला मात्र कुणी शिकवली नव्हती. ती जगात कुठेच त्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली नाही.

आणि मी गप्प बसलो. एक सेकंद, फार तर दीड. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. मी घाबरून गप्प नव्हतो. पाव्हणा ओरडतो का, हे मी बघत होतो.

तो ओरडला नाही. पुढे उसाची ट्रॉली उभी होती, मागून नुसता पाला लोंबत होता. त्याला तो झाडोरा वाटला असावा. मामांचे डोळे मिटलेले होते. त्यासाठीही तो ओरडला नाही, कारण सहा सेकंद अजून झाले नव्हते.

"मामा, फांदी!"

मामांनी डोळे उघडले आणि ब्रेकवर उभेच राहिले. गाडी फांदी चिरडत गेली, खालून खाडकन दगड लागला, मी समोर आपटलो, आणि आम्ही थांबलो तेव्हा उसाचं पाचट काचेला लागलेलं होतं. इंजिन बंद पडलं होतं. पाव्हण्याचा हिरवा दिवा तेवढा चालू होता.

ट्रॉलीच्या आडून ट्रॅक्टरवाला आला. हातात पाना, अंगाला ग्रीस. त्यानं फांदीकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"एवढी थोरली बाभळ आडवी टाकली. आंधळ्याला बी टोचली असती. कुठं ध्यान होतं बे?"

एरवी मामांनी सोडलं नसतं त्याला. आज त्यांनी मान खाली घातली. उतरून पुढचं चाक बघितलं. रिम वाकली होती, टायर फाटलं होतं. स्टेपनी बसवायला ट्रॅक्टरवाल्यानंच मदत केली आणि जाताना आम्हाला उसाची दोन कांडी दिली. तोंडानं कडक, पण माणूस बरा होता. त्यानं चिरडलेली फांदी टाकून दुसरी तोडून आणली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

गाडीत बसल्यावर मामांनी विचारलं, "पाव्हणा कावून वरडला न्हाई?"

सूर्य समोर उजव्या अंगाला होता.

"उन्हामुळं," मी म्हणालो. "भिंगात ऊन आलं."

"हां, ऊन," मामा म्हणाले. आणि त्यांचा चेहरा इतका सैल झाला की मला रडू येईल असं वाटलं.

रविवारीच, धारूर

धारूरात किल्ला आहे, तो मी या वेळी लांबूनच बघितला. मामांच्या दारात गाडी लागली तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. मामींनी गूळपाणी दिलं. वाकलेल्या रिमची गोष्ट मामांनी दोन वाक्यांत संपवली. ऊन आडवं आलं, उद्या भिंगावर पुठ्ठ्याची झापड लावू, पहाटे निघताना ऊन नसतंच.

म्हणजे माझं एक वाक्य उद्या तीन माणसांना घेऊन घाट उतरणार होतं.

तेवढ्यात कोंडाआजी आल्या. मामा ज्यांना बीडला नेतात त्या तिघांतल्या त्या एक. दोन घरं पलीकडे राहतात. काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "दावा बरं तुमचं यंत्र." मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. त्यांनी डबीला बोट लावून बघितलं, तापलेली आहे का बघावं तसं. मग स्वतःची बाही वर केली. दंडावर डायलिसिसच्या सुया टोचून टोचून शिरेला गाठी आल्या होत्या.

"बीडला मला बी मशीनच लावतात. त्ये बी वरडतं. पर त्ये वरडलं की नर्सबाई पळत येती. कवा नळी बगती, कवा बटन दाबती." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे वरडलं की कोण येतं?"

त्यांनी मुद्दाम विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मामा बोनेटला टेकून उभे होते, उत्तराची वाट बघत, मी काहीतरी चांगलं सांगेन म्हणून.

"कुणी येत नाही, आजी," मी म्हणालो. "मामाच असतात. त्यांनीच बघायचं, त्यांनीच ब्रेक मारायचा. हे थांबवत नाही."

मामा सरळ उभे राहिले.

मग मी सगळं सांगितलं. मधे थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं. मेंढ्या दिसत नाहीत हे सांगितलं. फांदी कळत नाही हे सांगितलं. दोनचे सहा केले ते सांगितलं, आणि तिथे करू नका असं लिहिलं होतं तेही. "आज ते वरडलं नाही ते उन्हामुळं नाही. उन्हाचं मी खोटंच सांगितलं. आणि फांदी मला तुमच्या आधी दिसली होती, मामा. ते वरडतं का बघत मी थांबलो."

मामी दारात उभ्या होत्या, हातात परात. 

"मला आधी कावून सांगितलं न्हाई?" मामांनी विचारलं.

"तुमाला वाईट वाटलं असतं."

"आन मेलो असतो तर बरं वाटलं असतं व्हय?"

ते गोठ्याकडे निघून गेले. म्हशीला वैरण टाकल्याचा आवाज आला. मी पाने काढले आणि स्टेअरिंगच्या दांड्याची मोटर सोडवायला घेतली. दोन आठवड्यांत बसवलेली गोष्ट अर्ध्या तासात सुटते. कोंडाआजी सीटवरून हलल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या असतील. पण मी सोडवलेला एक एक बोल्ट त्या ओंजळीत धरून ठेवत होत्या.

मामा परत आले तेव्हा माझ्याकडे न बघता आजींसमोर उभे राहिले.

"आजी, त्या दिशी वडवणीपाशी कुत्रं नव्हतं. माझा डोळा लागलता."

"मला ठावं हाय," कोंडाआजी म्हणाल्या. "माझं डोळं उघडं होतं."

"मंग बोलला कावून न्हाई?"

"बोलले असते आन तू गाडी बंद केली असती. मंग आमी कशानं जावं? एसटीत मला उभं राहवत न्हाई."

मामा खाली पायरीवर बसले. त्यांच्या डोक्यावरची टोपी त्यांनी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. आजींनी काठी जमिनीवर आपटली, हळूच.

"आमाला चार तास मशिनीवर ठिवतात. तवा तू काय करतो?"

"बीडातल्या बीडात दुसरं भाडं मारतो."

"तवा झोप की मग."

इतकं साधं होतं ते. चार तास. मी महिनाभर कॅमेऱ्यांत आणि कोडमध्ये डोकं घातलं होतं, आणि मामा ते चार तास कसे घालवतात हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

डोळ्यांकडे बघणारा कॅमेरा मात्र ठेवला. मी लॅपटॉप उघडून सहाचे परत दोन केले, आणि या वेळी मामांना सांगितलं की देवळासमोरही तो ओरडणार. मामांनी ऐकलं. फोन त्यांच्या खिशात होता.

सोमवार : धारूर ते बीड

पहाटे थंडी होती. मामी घरातल्या दोन गोधड्या पेशंटसाठी गाडीत ठेवतात, हे मला पहिल्यांदाच कळलं. मी पुढे बसलो, तिघं मागे. मामांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर. घाट त्यांनी असा उतरवला की कोंडाआजी झोपून गेल्या. मला झोप लागली नाही. मी रस्ता बघत होतो, कडेचे दगड, सायकलवाले, चरायला निघालेली गुरं, सगळं. कधी कधी तोंडानं म्हणत होतो, "ट्रॅक्टर हाय." "दिसला," मामा म्हणत. माझ्यावरचा त्यांचा राग गेला होता की नाही, ते मी अजून सांगू शकत नाही. वडवणीला त्यांनी मला न विचारता चहा मागवला, एवढं खरं.

बीडला दवाखान्यात तिघांना आत सोडलं. एरवी मामा इथून लगेच स्टँडकडे जातात. त्या दिवशी त्यांनी गाडी दवाखान्याच्या आवारात लिंबाच्या सावलीला लावली, सीट मागे पाडली, चप्पल काढली आणि उपरणं तोंडावर घेतलं.

"येक वाजता उठव," ते म्हणाले. दोन मिनिटांत त्यांचा श्वास लांब झाला. इतकी थकलेली माणसं इतक्या लवकर झोपतात, हे मला माहीत नव्हतं.

मी गाडीसमोरच्या, दवाखान्याच्या पायरीवर बसलो. कॉलेजला जायला हवं होतं, पहिला तास बुडाला होता. अस्लमचा फोन आला, मी त्याला हळू आवाजात सांगितलं की मोटर काढली. त्यानं कारण विचारलं, मी तेही सांगितलं. मग म्हणाला, "प्रोजेक्टमधी तसंच लिहू. काढली, आन का काढली." मी बरं म्हणालो.

अकराच्या सुमारास पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ आले, सोबत दोन पिशव्या. त्यांनी गाडीवरून नजर फिरवली.

"भाड्याची हाय ना? गेवराईला जायचंय. मोकळी हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी खिडकीतून आत वाकून बघितलं. "ड्रायव्हर तर आतच हाय. उठीव की. तासाभराचं तर काम हाय."

मी उभा राहिलो आणि खिडकी आणि त्यांच्यामध्ये आलो. "न्हाई उठवायचं. मामा झोपलेत. पेशंट सुटले की त्यांना गाडी चालवायची हाय."

त्यांनी घड्याळात बघितलं. मग पिशव्या उचलून रिक्षांकडे गेले. आत मामांनी कूस बदलली. मी काच अर्धी वर केली, बाहेरचा गलका आत फारसा जाणार नाही इतकी, आणि परत पायरीवर येऊन बसलो.